अळंबीचे सव्वीस खोटे ठिपके

लोकांच्या घरी जाऊन फॉर्म भरणं हे माझं काम होतं. तीन वर्षं केलं. कॉलेजात त्याला ‘फील्ड असिस्टंट’ म्हणतात, वाडीत ‘फॉर्मवाली’. वाडीचं बरोबर आहे. असिस्टंट म्हणावं असं मी कोणाला काही असिस्ट केलं नाही, फॉर्म मात्र खूप भरले.

मी खालापूर तालुक्यातल्या डोंगराखालच्या एका ठाकरवाडीतली. वाडीचं नाव देत नाही. नावं आणि जागा कागदावर गेल्या की काय होतं, तेच सांगायला बसले आहे. कर्जतच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई रानभाज्यांच्या जुड्या विकते, वडील एका फार्महाऊसवर राखणदार आहेत. लेख लिहिण्याची मला सवय नाही. चुकत असेन तर समजून घ्यावं.

बाहेरच्यांना हे काम सोपं वाटतं. प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं. पण त्याचे नियम असतात. प्रश्न छापलाय तसाच विचारायचा, समजावून सांगायचा नाही, मान हलवायची नाही, उत्तर सुचवायचं नाही. आधी संमतीच्या कागदावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा. हे नियम करणारा माणूस आमच्या वाडीत कधी आला असेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुता का, असं विचारलं की सगळी वाडी ‘व्हय’ म्हणते. काही घरांतून तर वेष्टनातला कोरा साबण आणून दाखवतात. आम्ही बरोबरची खूण करायची. मग शहरात अहवाल निघतो की आदिवासी भागात स्वच्छतेबद्दल जागृती वाढली आहे.

एका संस्थेच्या फॉर्मात प्रश्न होता, फावल्या वेळात काय करता. आमच्या वाडीतला चांगोआजा अंगणात अंबाडीचा दोर वळत होता. त्याने मला विचारलं, फावला वेळ म्हणजे काय. समजावायचं नाही हा नियम मोडून मी सांगितलं, काम नसतं तेव्हा बसून काय करतोस. तो म्हणाला, बसल्यावर दोर वळतो. फॉर्मात दोराला रकाना नव्हता. टीव्ही, मोबाइल, खेळ, छंद, इतर. ‘इतर’ला खूण केली तर वरचे साहेब परत पाठवतात, म्हणून मी ‘छंद’ केलं. बैलाच्या वेसणीचा दोर आजाचा छंद झाला. पुढे अहवालात वाचलं की या समाजात हस्तकलेचे छंद टिकून आहेत. त्या ओळीवर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

दुसऱ्या एका संस्थेच्या बाई चुलीचा फोटो काढायला आल्या होत्या. घरात गॅसची टाकी होती. ती जरा बाजूला घेता का, असं त्या फार गोड आवाजात म्हणाल्या. घरच्या वहिनीने टाकी उचलून गोठ्यात ठेवली आणि परत येताना मला हळूच विचारलं, गॅस लपवला की कसलं अनुदान मिळतं का. बाईंना ते ऐकू गेलं नाही. त्यांचं लक्ष धुराकडे होतं.

अशा लोकांची मला चीड यायची. पण मीही त्यांच्याच पगारावर होते, त्यांच्याच पिशव्या धरून पुढे चालत होते.

आता सरांविषयी. सर मोठ्या शहरातल्या संस्थेत प्राध्यापक, पण मूळचे कर्जतचे. बाजारपेठेच्या मागे त्यांचं घर, तीन पिढ्या शिकलेल्या. ‘मी इथलाच’ असं ते दर भेटीत म्हणायचे. वाडीत येताना पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा मात्र बरोबर असायचा. माणूस तुसडा नव्हता. माझी फी दोनदा त्यांनी भरली. ‘अगं, तू एमएस्सी कर, तुझ्यासारख्या मुलींची गरज आहे’ म्हणायचे. कोणाला गरज आहे, हे मी विचारलं नाही.

सरांचा विषय होता अळंबी. श्रावणात वारुळाच्या जागी रातोरात पांढरी अळंबी उगवते. आमच्याकडे बायका उजाडायच्या आत जाऊन ती काढतात, पानात बांधतात, थोडी घरी ठेवतात आणि बाकीची बाजारात नेतात. दरवर्षी ती त्याच जागी येते. सरांना या सगळ्या जागांचा नकाशा हवा होता. काम असं होतं की बाईला घेऊन प्रत्येक जागेवर जायचं, तिथे उभं राहून फोनमधलं बटण दाबायचं, की नकाशावर एक ठिपका पडतो. आणि हे सरांनी मला चैत्रात करायला सांगितलं, कारण पावसाळ्यात त्यांना वेळ नव्हता. चैत्रात अळंबी नसते, नुसती वारुळं असतात, आणि वारुळं सगळीकडे असतात.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यात अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या बहिणीला नाही, सुनेलाही पहिली काही वर्षं नाही. कोणी विचारलंच तर नाही म्हणत नाहीत, कारण नाही म्हणायची पद्धतच नाही. बायका हात करतात, पण जागा असते त्याच्या बरोबर उलट्या दिशेला. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. तो ‘बरं बरं’ म्हणतो आणि तिकडे जात नाही. त्यात कोणी रागावत नाही.

मी बुधीआत्याला धरलं. बुधीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वाडीतली सगळ्यात जाणती बाई. संमतीच्या कागदावर तिने अंगठा दिला, मिश्रीचं बोट दातावर फिरवलं आणि मला घेऊन निघाली. आमची अळंबीची बाजू ओढ्याच्या उगवतीला आहे. लहानपणापासून मी आईच्या मागे तिथे गेले आहे, तिथली अळंबी काढली आहे. आत्या मावळतीला निघाली. ओढा ओलांडला, समोरचा डोंगर अर्धा चढली, एका वारुळाजवळ बसली आणि म्हणाली, ‘‘हितं येत्यात बग. लय येत्यात.’’

मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी बाई, नंतर तिसरी. सगळ्या मावळतीला. महिनाभरात सव्वीस ठिपके झाले आणि सगळे एकाच डोंगरावर. सरांनी नकाशा पाहिला तेव्हा त्यांचा आवाज बदलला. इतकी दाटी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. इतकी दाटी असणारच, सगळ्यांनी एकाच जागेपासून लांब नेलं होतं.

मी का बोलले नाही? लबाडी करून लिहायचं नाही, म्हणून सांगते. पहिलं म्हणजे फॉर्म पुरा करायचा होता. ‘जागा सांगितली नाही’ असा रकाना त्यात नव्हता. दुसरं म्हणजे एमएस्सीसाठी सरांचं शिफारसपत्र हवं होतं. आणि तिसरं, मला वाटलं मी हुशारी करते आहे. सरांना नकाशा मिळाला, आमची जागा वाचली, कोणाचं काही गेलं नाही. बारावीला गणितात बरे गुण मिळवलेल्या मुलीला एवढं सुचलं नाही की खोटा ठिपकासुद्धा कुठल्यातरी जमिनीवरच पडतो.

पुढच्या वर्षी सरांनी सांगितलं की परदेशात मोठी परिषद आहे, आपला निबंध निवडला गेलाय आणि तू माझ्याबरोबर यायचंस. पासपोर्ट निघाला. वाडीत पासपोर्टचे फोटो एवढे फिरले की मीच ते बघायला शेवटी उरले. सरांनी सांगितलं, साडी आण, तुमच्या पद्धतीने नेसायची. माझी आई घरात मॅक्सी घालते. ती साडी आम्ही चांगोआजाच्या बायकोकडून उसनी आणली आणि ती नेसायची कशी हे तिने मला दोनदा शिकवलं.

परिषद एका विद्यापीठात होती. थंडीचा देश आणि पानगळीचे दिवस. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. एवढी लाल झाडं मी कधी पाहिली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी, तांबडी, काही तर शेंदरासारखी. कुठल्या आठवड्यात रंग चांगला असेल याचा तक्ता एका फलकावर लावला होता. लोक लांबून गाड्या घेऊन ती पानं बघायला येत होते. पानं खाली पडली की मात्र आवाज अडवायला कानांवर टोपणं लावलेला एक माणूस मोठ्या आवाजाचं यंत्र पाठीवर घेऊन ती हिरवळीवरून उडवून रस्त्यावर लोटायचा आणि मागून एक गाडी येऊन ती ओढून घ्यायची. आमच्याकडे पाला पडला की आई टोपल्या भरून राबासाठी आणते. तो वाफ्यावर जाळतात आणि त्या राखेत भाताचं रोप तयार होतं. तिथे पानाचं काम झाडावर असेपर्यंतच. माणसांचंही तसंच असावं असं मला परिषदेत वाटलं, पण ते पुढे.

सगळ्यांच्या गळ्यात नावाची पट्टी होती. नाव आणि खाली विद्यापीठ. माझ्या नावाखाली इंग्रजीत लिहिलं होतं ‘समुदाय’. मी सरांना म्हटलं, माझंही कॉलेज आहे की. सर म्हणाले, ‘‘अगं, कॉलेज सगळ्यांनाच असतं. समुदाय फक्त तुला आहे इथे.’’ त्यांना तो मान वाटत होता.

प्रत्येक सत्राच्या आधी कोणीतरी उभं राहून एक कागद वाचायचं. हे विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे ती अमुक मूळ लोकांची आहे, आम्ही त्यांचे ऋणी आहोत. सगळे मान खाली घालायचे. मला पहिल्यांदा अंगावर काटा आला. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा चहा देणाऱ्या विद्यार्थिनीला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, ते लोक आता कुठे असतात. तिला माहीत नव्हतं. तिने फोनमध्ये शोधलं आणि म्हणाली की उत्तरेला असतात बहुतेक, बसने चार तास. मला त्यातल्या एकाला भेटायचं होतं. ऋण मानलेलं त्यांना कळवतात का, एवढं विचारायला.

माझं बोलणं शेवटच्या दिवशी होतं. आदल्या दिवशी दुपारी सरांनी उपाहारगृहात लॅपटॉप उघडून मला सगळी सादरीकरणाची पानं दाखवली. नकाशा आला. सव्वीस ठिपके आणि त्यांच्याभोवती लाल रंगाचा डाग. पुढच्या पानावर लिहिलं होतं : प्रस्तावित संरक्षित क्षेत्र, लागवड आणि चराई बंद.

मला आधी कळलं नाही. मग मी ओढा शोधला, पायवाट शोधली आणि तो डाग कुठे पडलाय ते कळलं. त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक वाडी आहे. तिची दळी त्या उतारावर आहे. दळी म्हणजे जंगलाच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी करत आलेले तुकडे. लोक तिथे राबतात पण जमीन कागदावर पुरती त्यांची नसते. त्या वाडीने ती नावावर व्हावी म्हणून दावा टाकलेला आहे आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही. सर सांगत होते की परिषदेतून पाठिंब्याचं पत्र मिळालं की परत गेल्यावर हा प्रस्ताव आपण सरकारकडे देऊ. संरक्षित म्हणून एकदा लाल झालं असतं तर त्या दाव्याकडे कोणी पाहिलंही नसतं. वीस-बावीस घरांचं धान्य तिथे पिकतं.

बाहेर झाडांखाली एक बाक होता. सर फिरायला निघाले तेव्हा मी तिथे त्यांना गाठलं.

‘‘सर, नकाशातली जागा चुकीची आहे.’’

‘‘किती मीटरने?’’

‘‘मीटरने नाही सर. डोंगरच दुसरा आहे.’’

सर थांबले. मी सगळं सांगितलं. बायका उलटा हात कसा करतात, मला ते माहीत कसं होतं, पलीकडे दळी कोणाची आहे. सांगताना माझी वाक्यं मधेच तुटत होती. सरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की सव्वीस बायका एकजात खोटं कशाला बोलतील. मी म्हटलं ते खोटं नसतं. ते म्हणाले, खोटं नाही तर मग खरं आहे. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. शेवटच्या दिवशी सगळेच घाबरतात, थोडाफार फरक प्रत्येक अभ्यासात असतो, परत गेल्यावर बघू.

‘‘उद्या तू फक्त मनापासून बोल. तुमच्या भाषेत. इंग्रजी मी करतो,’’ ते म्हणाले. आणि जाता जाता, अगदी सहज, की एमएस्सीची शिफारस त्यांनी लिहून ठेवली आहे. धमकी नव्हती ती. धमकी असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी परिषदेचं जेवण होतं. तिथल्याच विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक, पांढऱ्या मिशांचे, टोपली घेऊन आले. त्यांनी सकाळी जवळच्या रानातून स्वतः अळंबी काढून आणली होती. आमच्यापेक्षा वेगळी, पिवळी, पण अळंबीच. स्वयंपाक्याने ती लोण्यात परतून सगळ्यांना थोडी थोडी दिली. आमच्या टेबलावरच्या एका बाईंनी विचारलं की कुठे मिळाली. म्हातारे हसले आणि म्हणाले, इथून नदीपर्यंत कुठेतरी. सगळे हसले. सरही हसले. कोणीतरी म्हणालं, खरा अळंबीवाला कधी जागा सांगत नाही. पुन्हा हसले. कोणी त्यांना म्हटलं नाही, या इथे अंगठा द्या. कोणी फोन काढून बटण दाबलं नाही.

माझ्या ताटातली अळंबी मी तशीच ठेवली. म्हाताऱ्यांनी सांगितलं नाही तर ती त्यांची गंमत होती. माझ्या आत्याने सांगितलं नाही तर तो शोधनिबंध झाला, आणि त्यात दुसऱ्यांची शेती चालली होती. मी कितीतरी जणांवर मनातून चिडून होते, पण त्या टेबलावर मला सगळ्यात जास्त तिटकारा माझा आला. बटण माझ्याच अंगठ्याने दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी उसनी साडी नेसून मी व्यासपीठावर गेले. मागे पडद्यावर तो लाल डाग. सरांनी सांगितल्याप्रमाणे मी आमच्या बोलीत सुरुवात केली. माझं नाव सांगितलं, वाडी डोंगराखाली आहे म्हटलं, श्रावणात अळंबी येते म्हटलं. तीन वाक्यं. सर इंग्रजीत बराच वेळ बोलले. मला बोलायला अवघड जातं, कळतं सगळं. ते म्हणत होते की जंगल आमची आई आहे आणि अळंबी तिचा प्रसाद आहे. हे मी म्हटलेलं नव्हतं. आमच्या वाडीत असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडे आईला आई म्हणतात आणि रानाला रान. समोरच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

तेव्हा मला कळलं की मी आता बोलीत काहीही सांगितलं तरी समोर प्रसादच पोचणार. म्हणून मी इंग्रजीत बोलले. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत बोलते तसं, एकेक शब्द शोधत. मी म्हटलं की पडद्यावरचे ठिपके बरोबर नाहीत. आमच्याकडे अळंबीची जागा कोणी सांगत नाही. हे मला माहीत होतं, तरी ठिपके मीच घेतले. लाल रंग आहे तिथे दुसऱ्या वाडीची शेती आहे. ती बंद करू नका.

मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या की हे फार प्रभावी मनोगत होतं, आणि टाळ्या वाजल्या. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. काहीजण उभे राहिले. नकाशा मागे तसाच. मी कशाबद्दल बोलले ते त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. साडीतली मुलगी अडखळत काहीतरी बोलली एवढंच त्यांनी पाहिलं. एवढ्या शिकलेल्या लोकांविषयी असं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण वाडीतल्या सभेत एखादी बाई उठून म्हणाली असती की मी चुकीचं लिहिलं, तर टाळ्या कोणी वाजवल्या नसत्या. ‘काय चुकीचं लिवलंस’ असं दहा जणांनी विचारलं असतं.

तिथे एकानेच विचारलं. ते मिशीवाले म्हातारे हात वर करून उभे राहिले.

‘‘किती ठिपके चुकीचे आहेत?’’

‘‘सगळे.’’

‘‘आणि खरी जागा?’’

‘‘ती मी सांगणार नाही.’’

ते मान हलवून खाली बसले. त्यानंतर सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांनी लॅपटॉप मिटला.

त्याच संध्याकाळी विमानतळावर जाताना सर गाडीत पुढे बसले. अर्धा रस्ता संपल्यावर म्हणाले की हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. मी म्हटलं, काल सांगितलं होतं सर. ते म्हणाले, नीट सांगायला हवं होतंस. त्यानंतर कर्जत येईपर्यंत आम्ही फक्त खाण्यापिण्यापुरतं बोललो.

परत आल्यावर दोन ओळींची मेल आली की प्रकल्पातलं माझं काम संपलं आहे. शिफारसपत्राबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी पाठवलं नाही. मी एक अर्ज लिहिला : अमुक नकाशातले सव्वीस ठिपके मी स्वतः घेतले असून ते चुकीचे आहेत, त्यावरून कोणतीही जमीन बंद करू नये. खाली माझी सही. एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात जाऊन दिली. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला की इथे लोक दुसऱ्याच्या चुकीचे अर्ज आणतात, स्वतःच्या चुकीचा पहिल्यांदाच पाहतोय. तरी आवक शिक्का मारून दिला. दुसरी प्रत सरांना पाठवली. आठ दिवसांनी त्यांचं उत्तर आलं : प्रस्ताव पाठवलेला नाही, पाठवणारही नाही.

म्हणून सरांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. निबंध पुढे छापून आला, त्यात नकाशा नाही. माझं नावही नाही. साडीतला माझा फोटो आहे.

एवढे दिवस बुधीआत्याला तोंड दाखवायची माझी हिंमत झाली नव्हती. सरांचं उत्तर आलं त्या दिवशी गेले. ती अंगणात नाचणी झोडत होती. मी सगळं सांगितलं. तिने काठी खाली ठेवली.

‘‘म्हंजी तू समद्यांम्होरं सांगितलंस, आमी लबाड हाव?’’

‘‘तसं नाही म्हटलं गं आत्या. चूक माझी म्हटलं.’’

‘‘तुजीच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘शेराकडची बाय इच्यारंल, तिला ठावं नाय. तू आमची पोर. तू आईच्या मागं फिरलेली. तू कशी इच्यारलंस?’’

तीन वर्षांत मी शेकडो प्रश्न विचारले आणि अळंबीच्या जागेचा हा एक विचारायला नको होता हे कळायला मला ती परिषद करून यावं लागलं.

आत्याने झोडलेली नाचणी गोळा केली. मग उठून पदर खोचला आणि म्हणाली की पलीकडच्यांना सांगून आलं पाहिजे. आपण हात केला आणि त्यांच्या डोक्यावर धोंडा पडणार होता, ते त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. मी म्हटलं, आता काही होणार नाही, प्रस्ताव गेला नाही. ती म्हणाली, तरी.

आम्ही ओढा ओलांडून पलीकडे गेलो. तिथल्या गोमादादाच्या ओसरीवर बसलो. गोमादादा त्या वाडीतला म्हातारा, दाव्याचे कागद त्याच्याकडेच असतात. आत्याने स्वतःच सांगितलं, आडपडदा न ठेवता. ऐकताना म्हातारा आधी गंभीर होता, मग त्याच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. त्याने घरातल्यांना हाक मारून बाहेर बोलावलं.

‘‘आईकलं का रं? बुधीनं आमच्या दळीत अळंबी लावली.’’ मग आत्याकडे वळून, ‘‘आमाला तरी सांगायची गं. तीस वरसं नुसती वरीच काडत बसलो.’’

सगळे हसले. आत्या नाही हसली. तिने मान खाली घालून चहा घेतला. आमच्याकडे वाड्यावाड्यांत अशी चेष्टा चालते आणि ऐकून घ्यावी लागते. पुढची काही वर्षं ती तिला लग्नकार्यांत ऐकायला लागणार होती, हे तिला माहीत होतं. तरी ती आली होती. परिषदेत मला टाळ्या मिळाल्या. इथे तिला ही चेष्टा मिळाली, आणि मला वाटतं खरं बोलण्याची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

हसणं ओसरल्यावर गोमादादाने मला जवळ बसवलं आणि अर्जाची शिक्का मारलेली प्रत मागितली. त्याला वाचता येत नाही. त्याने शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि सुनेला सांगून ती दाव्याच्या कागदांच्या पिशवीत ठेवायला दिली.

‘‘मंग आता त्या नकाशात आमी कुटं हाव?’’ त्याने विचारलं.

‘‘कुठंच नाही, दादा.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

त्याने वर दळीकडे पाहिलं. वरी पिकून उभी होती, अर्धी काढलेली, अर्धी उतारावर.

‘‘मंग काडाया घ्यावी,’’ म्हणत तो उठला. ओसरीच्या वाशात खोचलेला विळा त्याने काढला, धार अंगठ्याने बघितली आणि आम्हाला चहा संपवा सांगून दळीकडे चढायला लागला.